चाकूवरचं नाव कोणाचं?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. वारशाने आलेल्या एका पेटीत मिटणारा शिकारीचा चाकू मिळाला. मिटल्यावर वीतभरापेक्षा थोडा लहान. मुठीला दोन्ही बाजूंनी सांबरशिंगासारखी खडबडीत, तपकिरी फळी. आत एक मोठं पातं, एक लहान करवत, आतून धार असलेलं आकड्यासारखं पातं आणि बाटलीचं बूच काढायचं मळसूत्र. सगळ्यात विचित्र म्हणजे मुठीच्या एका टोकाला अर्धगोल खाचा आहेत आणि त्यांच्याजवळ १२ व १६ असे अंक. मोठ्या पात्याच्या बुंध्याशी कुठल्याशा प्राण्याचं झिजलेलं चित्र आणि त्याखाली शेवटची अक्षरं ‘...गेन’ अशी वाचता येतात. करवतीवर ‘गेस. गेश.’ असं स्पष्ट आहे. दुसऱ्या बाजूला कोणाचं तरी आडनाव आणि गावाचं नाव असावं, पण अर्धं पुसलेलं. माझा मित्र म्हणतो की ‘गेस. गेश.’ हेच कारागिराचं नाव. तसं आहे का? पात्यावर काळे डाग आहेत. पॉलिश करून घेतलं तर अक्षरं उठून दिसतील का?
— एक वाचक

उत्तर : नमस्कार. शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याला घाई आहे. पॉलिश करू नका. कोणी फुकट करून देतो म्हणालं तरी नको. ठसा म्हणजे पोलादात ठोकून उमटवलेली उथळ खाच. पॉलिशचं चाक फिरलं की आधी खाचेच्या कडा गोल होतात आणि मग खाचच जाते. तुमच्या चाकूवरची अर्धी अक्षरं बहुधा अशाच कोणाच्या तरी हौसेपायी गेली आहेत. उरलेली सांभाळायला हवीत. संग्रहालयात धातूच्या वस्तूंचं जतन करण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. गंजाने खाल्लेला ठसा पुष्कळदा वाचता येतो, पण घासून चकचकीत केलेला परत आणता येत नाही, हे मी तिथे फार वेळा पाहिलं. (ठशाखालचं पोलाद दाबलं गेलेलं असतं, त्यामुळे आम्ल लावून पुसलेले आकडे वर आणता येतात. गुन्ह्यांच्या तपासात शस्त्रांवरच्या क्रमांकांसाठी ते करतात. पण त्यात वरचा थर खाल्ला जातो. जुन्या चाकूवर तो प्रयोग करायचा नाही.)

आता तुमच्या मित्राचं म्हणणं. ‘गेस. गेश.’ हे कोणा माणसाचं नाव नाही. ‘कायद्याने संरक्षित’ या अर्थाच्या जर्मन शब्दांचं ते आखूड रूप आहे. या रचनेची नक्कल करू नका, एवढंच ते सांगतं. विक्रीच्या याद्यांमध्येसुद्धा ते निर्मात्याच्या रकान्यात लिहिलेलं दिसतं, तेव्हा तुमचे मित्र एकटे नाहीत. ‘रोस्टफ्राय’ या शब्दाचंही असंच होतं. त्याचा अर्थ न गंजणारं, आणि तसं पोलाद पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, १९१२-१३ च्या सुमारास, जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये पुढे आलं. तुमच्या पात्यावर काळे डाग आहेत, म्हणजे ते साधं कार्बन पोलाद आहे. पण एवढ्यावरून चाकू त्याआधीचा ठरत नाही. शिकाऱ्यांनी कार्बन पोलाद पुढेही पुष्कळ वर्षं पसंत केलं, कारण त्याला धार लवकर लागते.

मित्राच्या या शोधातून एक धागा मात्र हाती येतो. करवत आणि खाचा एका चाकूत बसवण्याची रचना कोणीतरी संरक्षित केली होती आणि तो माणूस बहुधा जर्मन भाषेच्या मुलखात बसून काम करत होता. भिंग घेऊन प्रत्येक पात्याचा बुंधा, पाठ आणि मुठीच्या आतली पितळी पट्टी नीट पाहा. कुठे ‘डी. आर. जी. एम.’ ही चार अक्षरं, म्हणजे रचनांच्या एका जर्मन सरकारी नोंदणीची खूण, आणि त्यापुढे क्रमांक दिसतो का? ही नोंदणी १८९१ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. लहानसहान उपयुक्त सुधारणांसाठी ती होती आणि क्रमांक ओळीने चढत जायचे, त्यामुळे क्रमांकावरून नोंदणीचं वर्ष काढता येतं. संरक्षण तीन वर्षांचं मिळे, पुन्हा शुल्क भरलं तर आणखी तीन. इतकी अरुंद चौकट दुसऱ्या कुठल्याही खुणेने क्वचितच मिळते. पण तो क्रमांक नोंदणी करणाऱ्याचा. चाकू घडवणारा तोच असेल असं नाही.

आता त्या अर्धगोल खाचा. पत्र वाचताना मी इथे थांबले आणि दोनदा वाचलं, कारण या चाकूचं वय आणि मुलूख सांगणारी सगळ्यात बोलकी जागा हीच आहे.

१२ आणि १६ हे बंदुकीचे बोअर. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले तर एका गोळ्याचा जो व्यास येईल तो बारा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर. सोळा गोळे केले तर सोळा बोअर, साधारण १६.८ मिलिमीटर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नळीच्या मागून भरायच्या बंदुका रुळल्या आणि त्यांच्याबरोबर पितळी बुडाची, कागदी अंगाची काडतुसं आली. कागद ओला झाला की फुगतो. पावसात किंवा धुक्यात दिवसभर फिरलेल्या शिकाऱ्याचं काडतूस नळीत घट्ट बसायचं आणि बोटांनी निघायचं नाही. अशा वेळी ही खाच काडतुसाच्या बुडाच्या कडेखाली अडकवायची आणि ओढायचं. बाराच्या काडतुसाचं बूड साधारण २०.५ मिलिमीटर असतं, सोळाचं १९ च्या आसपास. व्हर्नियर कॅलिपरने खाचा मोजा. मापं याच्या जवळ आली तर त्या खऱ्या कामाच्या खाचा आहेत.

म्हणजे एक कड नक्की झाली : मागून भरायच्या बंदुकांच्या आधी हा चाकू असूच शकत नाही. दुसरी गोष्ट मुलखाची. इंग्लंडमध्ये बारा बोअरचं राज्य होतं. सोळा बोअरवर खरं प्रेम केलं ते जर्मन आणि ऑस्ट्रियन शिकाऱ्यांनी. बारा-सोळाची जोडी पाहिली की माझा कल तिकडे जातो. हा नुसता कल झाला, कारण शेफील्ड या चाकूसुऱ्यांसाठी प्रसिद्ध इंग्लिश गावचे कारखानदार परदेशी गिऱ्हाइकाला हवं ते करून देत. पण तुमच्याकडे ‘गेस. गेश.’ आहे, मारलेल्या जनावराचं पोट फाडायचं, आतून धारेचं पातं आहे, बूच काढायचं मळसूत्र आहे. सगळं एकाच दिशेला बोट दाखवतं.

‘...गेन’ने ती दिशा पक्की होते. ते झोलिंगेन असणार. जर्मनीत ऱ्हाइन नदीजवळच्या टेकड्यांमधलं हे गाव मध्ययुगापासून पात्यांसाठी प्रसिद्ध आहे. इथे लोकांना वाटतं की गाव कळलं म्हणजे निर्माता कळायला आलाच. तसं नाही. झोलिंगेनमध्ये लहानमोठे शेकडो धंदे होते आणि एका चाकूवर अनेकांचे हात फिरायचे. पातं घडवणारा एक, सहाणेवर धार काढणारा दुसरा, मूठ आणि स्प्रिंग बसवून चाकू जुळवणारा तिसरा. पुष्कळ जण घरीच किंवा भाड्याच्या सहाणेवर काम करत आणि नगावर पैसे घेत. ज्या कारखानदाराचा ठसा पात्यावर बसे, त्याने त्या चाकूला कदाचित हातही लावलेला नसे. शेफील्डमध्येही हीच रीत होती. म्हणून कोणी मला ‘हा कोणी बनवला’ असं विचारलं की मी उलट विचारते : ठसा कोणाचा, जुळणी कोणाची आणि विकला कोणी? ही तीन नावं असू शकतात, आणि पहिल्या दोन हातांची नावं बहुतेक वेळा कुठेच लिहिलेली नसतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. चार-पाच अवजारं एकाच पाठीवरच्या स्प्रिंगांवर बसवायची, एकही दुसऱ्याला घासता कामा नये, प्रत्येक उघडताना सारखा ‘टक’ आवाज यायला हवा. हे काम करणारा माणूस अनामिक राहतो आणि त्याच्या मालकाचं चिन्ह आपण शोधत बसतो.

पण चिन्ह शोधायला हवंच, ते शोधू या. झोलिंगेनची चिन्हं जुनी आहेत. जुळ्या माणसांचं चिन्ह हेंकेल्स घराण्याने १७३१ मध्ये तिथल्या कारागिरांच्या संघाकडे नोंदवलं. वायर्सबर्गचं चिन्ह राजाचं मस्तक, किर्शबाउमचं शिरस्त्राण घातलेल्या योद्ध्याचं. १८८३ मध्ये ही दोन घराणी एकत्र आली आणि त्यानंतर दोन्ही चिन्हं शेजारी शेजारी बसू लागली, म्हणजे चिन्हातच तारीख आली. आइकहॉर्नची खार आहे. तुमच्या प्राण्याला झुपकेदार, वर वळलेली शेपूट दिसली तर खारीकडे लक्ष द्या, पण प्राणी दिसला म्हणून लगेच खार म्हणू नका. चार पाय आणि शेपूट एवढ्यावर कोल्हा, कुत्रा, हरीण काहीही वाचता येतं. आणि धावणारा लांडगा वाटला तर जास्तच सावध व्हा. लांडगा मुळात जर्मनीतल्याच पासाउ गावच्या तलवारकारांचा. त्याची कीर्ती पाहून झोलिंगेनवाल्यांनी तो उचलला आणि अनेकांनी वापरला. लांडगा दर्जाचा दावा करतो, एका माणसाचं नाव सांगत नाही.

ठसा वाचायची पद्धत अशी. रात्री खोली अंधारी करा. चाकू टेबलावर स्थिर ठेवा, कॅमेरा बरोबर वरून, तिवईवर. टॉर्च पात्याला जवळजवळ समांतर, अगदी बाजूने धरा. आता चाकू आणि कॅमेरा न हलवता टॉर्च पात्याभोवती थोडा थोडा फिरवत प्रत्येक जागी एक फोटो घ्या. समोरून प्रकाश पडला की उथळ खाच दिसतच नाही, बाजूने पडला की तिच्या कडेची सावली उभी राहते. उभ्या रेघा एका फोटोत दिसतील, आडव्या दुसऱ्यात. सगळे फोटो शेजारी ठेवून, जेवढं दिसतं तेवढंच कागदावर काढा. जे अक्षर ‘असायला हवं’ असं वाटतं ते काढायचं नाही, तिथे टिंब द्या. चिन्हाभोवती चौकट आहे का, प्राण्याचं तोंड डावीकडे की उजवीकडे, पाय जमिनीवर की हवेत, हे लिहून ठेवा. नोंदवलेल्या चिन्हांच्या छापील याद्यांशी ताडताना याच गोष्टींवर निकाल लागतो. जर्मनीत देशभराचा चिन्हनोंदणीचा कायदा १८७४ मध्ये झाला, त्यामुळे त्यानंतरच्या ठशांची नोंद सापडण्याची आशा बरीच असते. झोलिंगेनमध्ये पात्यांचं स्वतंत्र संग्रहालय आहे. चांगले फोटो आणि मोजमापं असली की अशा ठिकाणी विचारणा करण्यात अर्थ असतो.

दुसऱ्या बाजूचं आडनाव आणि गाव माझ्या मते विक्रेत्याचं आहे. बंदुका विकणारे आणि शिकारीचं सामान ठेवणारे दुकानदार झोलिंगेनहून माल मागवत आणि त्यावर स्वतःचं नाव घालून घेत. ते गाव झोलिंगेन नसेल तर ही शक्यता आणखी वाढते. या नावाला कमी लेखू नका. दुकानदाराचा पत्ता किंवा धंद्याची वर्षं जुन्या व्यापारी निर्देशिकांतून सापडतात आणि त्यातून चाकूची तारीख चिन्हापेक्षाही नेमकी ठरू शकते.

एक तपासणी या सगळ्याच्या आधी व्हायला हवी : ठसा पात्याइतकाच जुना आहे का? भिंगाखाली गंजाचे खड्डे पाहा. खड्डे अक्षरांच्या कडा ओलांडून आत उतरले असतील, तर अक्षरं गंजाच्या आधीची. अक्षराची रेघ खड्ड्यांना कापत, त्यांच्यावरून स्वच्छ गेली असेल, तर ठसा नंतर मारलेला. मुठीच्या रिव्हिटही पाहा. सगळ्या एकाच धातूच्या, सारख्या झिजलेल्या आणि शिंगाच्या पृष्ठाबरोबर आल्या असतील तर उत्तम. कुठे फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर ती दुरुस्ती १९३० च्या दशकानंतरची, कारण तो स्क्रू तेव्हा बाजारात आला.

नुसतं गावाचं नाव हाही पुरावा आंधळेपणाने घेऊ नका. प्रसिद्ध गावांची नावं खोटी घालण्याचा धंदा जुना आहे. परदेशी मालावर शेफील्डचं नाव येऊ लागलं तेव्हा तिथल्या कारागिरांनी आरडाओरड केली, आणि त्या दबावाचा १८८७ च्या ब्रिटिश मर्चंडाइज मार्क्स कायद्याला हातभार लागला. झोलिंगेनच्या नावाला स्वतंत्र कायद्याचं संरक्षण मिळालं ते १९३८ मध्ये.

तर आज, पत्रातल्या माहितीवर, मी तुमच्या चाकूच्या चिठ्ठीवर असं लिहीन : ‘मिटणारा शिकारी चाकू, काडतूस ओढण्याच्या खाचांसह, १२ व १६ बोअर. ठशावरून बहुधा झोलिंगेन. एकोणिसाव्या शतकाची अखेर ते विसाव्या शतकाचा पूर्वार्ध. चिन्ह : चतुष्पाद प्राणी, अनिश्चित. मागे विक्रेत्याचं नाव असावं.’ निर्मात्याच्या रकान्यात पेन्सिलनेही नाव घालू नका. एकदा नाव लिहिलं गेलं की पुढचा माणूस ते पुरावा समजून उतरवून घेतो. खुणा वाचून झाल्या की फोटो मला पाठवा. खाचांची मापं आणि करवतीच्या पाठीचा फोटो विसरू नका.

प्रश्न : माझ्याकडच्या जुन्या चाकूची मूठ हस्तिदंताची आहे की हाडाची, हे तापलेली सुई टोचून कळतं असं ऐकलं. करून पाहू का? — एक वाचक

उत्तर : अजिबात नको. ती मूठ सेल्युलॉइडची निघाली तर पेट घेईल. सेल्युलॉइड १८७० च्या सुमारास आलं आणि हस्तिदंताची नक्कल हा त्याचा मोठा उपयोग होता, तेव्हा ही शक्यता खरी आहे. भिंग पुरेसं आहे. मुठीच्या कापलेल्या टोकाशी एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानींची जाळी दिसली तर हस्तिदंत. लहान काळपट ठिपके किंवा तुटक रेषा दिसल्या तर हाड, त्या रक्तवाहिन्यांच्या जागा. सांबरशिंग बाहेरून घट्ट आणि आत स्पंजासारखं सच्छिद्र असतं. सगळीकडे एकसारख्या, समांतर, फार शिस्तीतल्या रेषा दिसल्या तर सेल्युलॉइडचा संशय घ्या. बोटाने जोरात चोळून वास घ्या. कापरासारखा आला तर तेच. मग तो चाकू बाकीच्यांपासून वेगळा, हवा खेळती राहील असा ठेवा. जुनं सेल्युलॉइड कुजताना आम्लधर्मी वाफ सोडतं आणि शेजारच्या पात्यांनाही गंज चढवतं. मूठ हस्तिदंताची निघालीच, तर विकण्याआधी किंवा देशाबाहेर नेण्याआधी कायदा पाहा. बहुतेक देशांत त्यावर कडक बंधनं आहेत आणि ‘जुनं आहे’ एवढं म्हणून भागत नाही.

प्रश्न : म्यानाच्या पितळी टोकावर हिरवा, मेणचट थर येतो. पुसला तरी पुन्हा येतो. चाकू म्यानातच ठेवू ना? — एक वाचक

उत्तर : म्यानात ठेवू नका. चामड्याला लावलेलं तेल आणि चरबी पितळेतल्या तांब्याशी मिळून तो हिरवा थर बनतो. चामड्यात तेल आहे तोवर तो येत राहणार. लाकडी काडीने हलकेच काढा, सुती फडक्याने पुसा, आणि म्यानाला नवं तेल लावणं थांबवा. चामडं ओल धरतं, शिवाय त्यात कमावताना वापरलेली द्रव्यं असतात, म्हणून पातं आत ठेवलं की डाग पडणारच. चाकू बाहेर, आम्लरहित कागदात गुंडाळून. म्यान वेगळं, आत त्याच कागदाची सैल गुंडाळी भरून, म्हणजे आकार टिकेल. पात्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. म्यान लालसर भुकटी सोडत असेल तर त्याला मेण, तेल, पाणी काहीच लावू नका. कमीत कमी हाताळा आणि चामड्याचं जतन करणाऱ्याला दाखवा. दोन्ही खोक्यांवर एकच क्रमांक घाला, नाहीतर पुढच्या पिढीत कोणाचं म्यान कोणतं हे कळणार नाही.